‘व’ ऐवजी ‘किंवा’

बारच्या वाचनालयात, कसबा बावड्याला,
माझं काम चिकटवायचं.
राजपत्र आलं की दुरुस्त्या कापायच्या,
जाडजूड अधिनियमात त्यांची जागा शोधायची,
मग खळ.
खळ मैद्याची, चिमूटभर मोरचूद घालून,
नाहीतर झुरळं कायदा खातात.

हे शिकलगारमामांनी शिकवलं.
त्यांच्या घरात पिढ्यांचं काम धार लावायचं,
यांनी अडतीस वर्षं ब्लेडनं कलमं तासली.
एकही ओळ चुकून कापली नाही, म्हणायचे.
(एक कापली होती. रिटायर होताना
मला दाखवली.)

वगळण्यात येईल. दाखल करण्यात येईल.
या मजकुराऐवजी हा मजकूर.
दुरुस्तीची भाषा आता झोपेतही येते मला.
कुणाचं चुकलं,
ते कुठल्याच चिठ्ठीत नसतं.

कलम एक्केचाळीस :
गुऱ्हाळावर कामगार दगावल्यास
त्याची विधवा व अज्ञान अपत्य
यांना रक्कम देय राहील.

अक्काताई भारमल, मुक्काम शिये.
नवरा रात्रपाळीला चुलवाणापाशी गेला, तो गेलाच.
अपत्य नाही.
साहेब म्हणाले, बाई, इथं ‘व’ आहे.
‘व’ म्हणजे दोघं पाहिजेत.
ती म्हणाली, प्वार न्हाई
म्हणून नवराबी न्हवता म्हनायचं का?
हे उत्तर फायलीत नाही.
फायलीत तिचा जबाब आहे, कारकुनानं सुधारलेला.
ती बोलली होती, मी आलो, मी बघितलो,
आमच्याकडच्या बायका बोलतात तसं.
त्यानं लिहिलं, मी आले, मी पाहिले.
अंगठा तिचाच.

मग कधीतरी डिसेंबरात, नागपूरला,
जेवणाच्या सुट्टीच्या तोंडावर,
अर्धी बाकं रिकामी.
आपल्याच जिल्ह्यातला एक सदस्य उठला,
दोन वाक्यं बोलला, तिसऱ्याला घंटा वाजली.
अनुकूल असतील त्यांनी होय म्हणावे.
होय.
प्रतिकूल असतील त्यांनी नाही म्हणावे.
कोणीतरी खोकलं.
होयचे बहुमत.
एका अक्षराला तीन मिनिटं.
तिला त्या अक्षरापाशी यायला एकोणीस वर्षं.

आणि छापताना एक्केचाळीसचे चौदा झाले.
मी इमानानं चौदाव्यात चिकटवलं.
तिथं होतं, निरीक्षकाने गुऱ्हाळास भेट द्यावी
व नोंद करावी.
झालं, भेट द्यावी किंवा नोंद करावी.
चार महिने कायदाच तसा होता.
फरक कुणाला कळला नाही,
निरीक्षक आधीपासून तेच करत होते.

मग दुरुस्तीची दुरुस्ती आली, शुद्धिपत्र,
तळहाताएवढं.
चौदातली चिठ्ठी ओल्या फडक्यानं सोडवली,
एक्केचाळीसवर बसवली,
बोटानं कडा दाबल्या.
शेवटची ओळ मी दोनदा वाचली :
आणि हा शब्द प्रारंभापासूनच
दाखल केलेला होता, असे मानण्यात येईल.

अक्काताई आली सोमवारी, केएमटीनं,
चपला दाराबाहेर काढून.
कुणी काढत नाही कोर्टात.
मी वाचून दाखवलं. तिनं
चिठ्ठीवरून बोट फिरवलं, खळ ओलीच होती.
म्हंजे, ती म्हणाली,
मी तवाबी बरोबरच हुतो?

होय, म्हणाले मी.
प्रतिकूल कुणी नव्हतं,
पंखा होता, आणि कपाटापाशी दोन ज्युनिअर
चहाची वाट बघत.

मग अर्ज. नवा, कोरा, मीच लिहायला घेतला.
ती सांगत होती,
मी आलो तवा काहिलीत रस उकळत हुता,
न्‌ कुनी आच वडायला तयार न्हाई.
पेन ‘आ’वर थांबलं.
सवयीनं पुढं ‘ले’ येत होतं.
शाई पसरायला लागली कागदात.

आलो,
लिहिलं मी.